शिकवायला आम्ही, मतदारयादीत नाही

पुन्हा विद्यापीठाच्या अधिसभेची (सिनेटची) निवडणूक आणि पुन्हा मतदारयादीत आमची नावं नाहीत! २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याला शिक्षक हवा तो पूर्णवेळ, मान्यताप्राप्त. मग तासिका तत्त्वावर राबणारे आम्ही कोण? तास आम्ही घ्यायचे, कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या फायली रात्र रात्र जागून आम्ही भरायच्या. मानधन मात्र तासांवर, तेही महिनोन् महिने रखडलेलं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर काहीच नाही. कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नकोत, असं यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत लिहिलंय. आमच्या विभागात निम्मे आम्हीच आहोत! आमच्या नेमणुकांचं ठरतं त्या बैठकीत आम्हाला कुणी बोलावतही नाही. नेट, सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा झाल्यात, पीएचडी झालीय. अजून काय हवंय यांना?