खोबऱ्याचा ताळेबंद

ज्याचं अर्धं आयुष्य पतपेढीत खतावण्या लिहिण्यात गेलं, त्याला तीन रकाने जुळवणं जड जाऊ नये. कर्बोदकं, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ. पोटात गेलेलं लिहायचं, संध्याकाळी बेरीज मारायची, झाला हिशेब. पण हा हिशेब ज्यांनी शोधून काढला, त्यांच्या घरी आडाळ्यावर नारळ खवला जात नसावा. आमच्याकडे तो दिवसातून दोनदा खवला जातो, आणि खोबरं ताटात शिरलं की कुठलाही रकाना कुठल्याही रकान्याशी जुळत नाही.

हे सगळं सुरू झालं रक्ताच्या रिपोर्टवरून. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१०, हवं होतं दीडशेच्या आत. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ५.९. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाची ओसरी. आत बोलावलेलं नाही, पण चपला काढून बसलोय. कुडाळच्या आहारतज्ज्ञ बाईंसमोर मी आपणहून शरणागती दिली, "तेल कमी करतो, मॅडम." त्यांनी चष्मा वर सरकवला. "तेलाचं नंतर बघू. भात किती खाता?"

सिंधुदुर्गातल्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. भात 'किती' नसतो, भात असतो. मी म्हटलं, "पोटभर." त्यांनी लिहून घेतलं आणि समजावलं, की रक्तातली ही चरबी नुसत्या तेलातुपाने वाढत नाही. गरजेपेक्षा जास्त भात, साखर, गूळ आत गेला, की यकृत त्याचीच चरबी करून ठेवतं. म्हणजे मी इतकी वर्षं भजी टाळून भात खात होतो, आणि आतला कारखाना भाताचीच भजी तळत होता.

मग आकडे आले. वजन ७२ किलो, काम बसून, म्हणून दिवसाला १८०० कॅलरी. त्यातल्या निम्म्या कर्बोदकांतून, म्हणजे २२५ ग्रॅम. वीस टक्के प्रथिनांतून, ९० ग्रॅम. तीस टक्के स्निग्धातून, ६० ग्रॅम. एक ग्रॅम कर्बोदकाच्या चार कॅलरी, प्रथिनाच्याही चार, स्निग्धाच्या मात्र नऊ. हा चार-चार-नऊचा भाव अॅटवॉटर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवला. माणसाला बंद खोलीत ठेवून त्याने काय खाल्लं आणि अंगातून उष्णता किती निघाली, हे तो मोजायचा. त्या खोलीत एखादा मालवणी माणूस नेऊन बसवला असता, तर पहिल्या दिवशी त्याने विचारलं असतं, "कढी खंय आसा?" आणि प्रयोग तिथेच थांबला असता.

९० ग्रॅम प्रथिनं ऐकून मी दचकलो. बाई म्हणाल्या, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब किलोमागे ०.८३ ग्रॅमचा आहे, म्हणजे तुम्हाला साठ तरी लागतातच. भात कमी करायचा तर ती जागा कशाने तरी भरायला हवी, म्हणून मी वाढवून दिलीत. याच संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत म्हटलंय, की दिवसाच्या कॅलरींपैकी धान्यांतून ४५ टक्क्यांपर्यंतच याव्यात. आमच्याकडे सकाळी घावणे किंवा पेज, दुपारी भात, चारला तांदळाची बोरं, रात्री परत भात. ४५ टक्के तर आमचे नाश्त्यालाच होत असावेत.

घरी वजनकाटा आणला. स्वयंपाकघरातला, ग्रॅम दाखवणारा, पांढरा, चपटा. आईने तो उलटा करून पाहिला. तिला वाटलं, चपाती शेकायचं काही नवीन निघालंय. पहिल्याच दुपारी मी त्यावर ताट ठेवलं, काटा शून्यावर आणला, आणि नेहमीसारखा भात वाढायला सांगितला. ४०० ग्रॅम. शिजलेल्या भातात शंभर ग्रॅममागे २८ ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे एकशे बारा. आमटीचा थेंब पडायच्या आत दिवसाची निम्मी कर्बोदकं संपली होती. मी निम्मा भात परत टोपात टाकला. आईने आधी टोपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मेल्या, सोना तोलतंस काय? तुझ्या आबांनी जन्मभर भात खाल्लो. तेंका कोणी काटो दाखवल्यान नाय."

आबांचा दाखला खोटा नाही, पण तो अर्धाच सांगितला जातो. आबा उजाडायला जोत धरायचे, दुपारी डोक्यावर भारा घेऊन घाटी चढायचे, आणि वेंगुर्ल्याच्या बाजाराला चालत जाऊन चालत यायचे. ४०० ग्रॅम भात त्यांच्या अंगात संध्याकाळपर्यंत टिकत नसे. मी तोच भात खाऊन स्कूटरवर बसतो आणि पतपेढीत जाऊन थकीत कर्जदारांना फोन करतो. तेवढ्याने रक्तदाब वाढतो, कॅलरी जळत नाहीत.

तरी भाताचं एक बरं आहे, भात दिसतो. निम्मा काढला की निम्मा उरतो. खोबरं दिसत नाही. वाटपात, म्हणजे वाटणात, गेलेलं खोबरं शोधून दाखवा! बांगड्याच्या तिखल्यात वाटप, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात वाटप, भाजीवर खोबरं, चटणीत खोबरं, आणि एवढं सगळं पचावं म्हणून वर सोलकढी. ती तर उघड-उघड नारळाचा रस! मी मोबाइलवरच्या कॅलरी मोजणाऱ्या ॲपमध्ये सोलकढी 'पेय' म्हणून टाकायला गेलो, कारण इथे सगळे तिला पाचक समजतात. ओल्या खोबऱ्यात शंभर ग्रॅममागे सुमारे ३३ ग्रॅम स्निग्ध, बहुतेक संपृक्त जातीचं, आणि प्रथिनं जेमतेम तीन. एक वाटी खोबरं खवलं की माझ्या स्निग्धाच्या साठातले पंचवीसच्या पुढे ग्रॅम गेले. घरातल्या चार माणसांत ते वाटलं जातं हे खरं, पण खवणं एका वाटीवर थांबतं कुठे?

मी आईला म्हटलं, वाटप करशील तेव्हा खोबरं काट्यावर ठेव. ती ठेवायची. मग मिक्सरमध्ये घालताना "जरा दाटपणाक" म्हणून उरलेली अर्धी कवड त्यावर खवायची. तो दाटपणा कुठल्याच रकान्यात आला नाही. ऑडिट करणाऱ्या माणसाला असे व्यवहार लांबूनच ओळखू येतात, पण आईच्या वह्या तपासायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

माझी बायको साताऱ्याची. तिने या सगळ्यात शांतपणे शेंगदाण्याचा कूट पुढे केला. "आमच्याकडे खोबरं नसतंच. कुटात शंभराला पंचवीस ग्रॅम प्रोटीन असतं." आकडा बरोबर होता. त्याच कुटात ४८ ग्रॅम स्निग्धही असतं, हे मी सांगितलं नाही. सासू-सुनेच्या वादात ग्रॅम घेऊन पडू नये. आईने बांगड्याच्या तिखल्यात शेंगदाण्याचा कूट, एवढं नुसतं मोठ्याने म्हणून पाहिलं आणि देवघराकडे नजर टाकली. विषय संपला.

प्रथिनांच्या बाबतीत तरी कोकणी माणसाला कोणी शिकवू नये, असं मला वाटत होतं. समोर समुद्र आहे. मी बाजारात गेलो, मासळीवालीपुढे उकिडवा बसलो आणि विचारलं, "एक बांगडो किती ग्रॅमचो असात?" तिने माशी हाकलली. "ग्रॅम? वाटो दोनशेक. घेवचो तर घे, नायतर उजेड सोड." आमच्याकडे बांगडे वाट्यावर मिळतात: पाच मोठे, वर एक आडवा, तिच्या मर्जीने. मध्यम बांगड्याचं डोकं, काटे, पोट वजा केलं तर पंधरा-सोळा ग्रॅम प्रथिनं मिळतात, वर ओमेगा-३. बाईंनी तर सांगितलंच होतं, की पापलेट-सुरमईच्या मागे लागू नका, बांगडा आणि पेडवे हिशेबात बसतात, तेच बरे. स्वस्तातला मासा हृदयालाही चालतो, हे ऐकून माझ्यातला वसुली अधिकारी सुखावला.

तिसऱ्यांनी मात्र छळलं. त्या शिंपल्यांसकट शिजतात, शिंपल्यांसकट वाढल्या जातात, आणि काटा बिचारा प्रामाणिकपणे शिंपल्यांसकट वजन दाखवतो. अर्धा किलोचं ताट, त्यातलं खाण्यासारखं मूठभर. मग ताटातली रिकामी शिंपली परत तोलून वजा करायची. पाहुणे असताना हे करून बघा. कुर्ल्यांचं तर विचारूच नका: नांगी फोडायची, आतलं मांस काडीने ओढायचं, अर्धा तास घाम गाळायचा. त्या मेहनतीच्या कॅलरी वजा धरायच्या की नाही, याचं उत्तर बाईंकडेही नव्हतं.

आणि मग १ जून उजाडतो. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्या किनाऱ्याला. माशांच्या विणीचा काळ. बाईंच्या आहाराच्या तक्त्यात 'मासे, दोन तुकडे' असं लिहिलेलं असतं, तक्त्याला पाऊस माहीत नसतो. डब्यातून सुके बांगडे आणि गोलमो, म्हणजे सुका जवळा, निघतो. सुक्या माशात प्रथिनं भरपूर, कारण पाणी उडालेलं. पण मीठही तसंच, आणि दिवसाला पाच ग्रॅमच्या वर मीठ नको. एका रकान्यात कमावलं ते दुसऱ्यात दंड म्हणून भरलं.

या पावसात माझी लाज राखली ती कुळथाने. शंभर ग्रॅम कुळथात बावीस ग्रॅम प्रथिनं. आई पाणी उकळत ठेवते, कोकमाचं सोल टाकते, लसणीची फोडणी, आणि पीठ सोडताना डाव्या हाताने पेरत उजव्या हाताने ढवळत राहते, गुठळी होऊ देत नाही. दहा मिनिटांत पिठी तयार. बाईंना सांगितलं तर त्या खुर्चीत सरसावून बसल्या. "आणि तांदूळ उकडा वापरता की सुरय?" उकडा म्हटल्यावर अजून खूश. भात सालासकट उकडून वाळवला, की कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात. कांडल्यावरही बरीच टिकतात. एकूण माझ्या जेवणातला बाईंना पसंत पडलेला भाग म्हणजे पेज आणि पिठी, म्हणजे ज्या दिवशी घरात काही नसतं त्या दिवशीचं जेवण. आईला हे मी सांगितलं नाही. तिने ते माझ्या चेहऱ्यावरून वाचलं आणि लागोपाठ आठवडाभर पिठीच केली.

चतुर्थीबद्दल थोडक्यात. उकडीच्या मोदकाची पारी तांदळाची, आत खोबरं आणि गूळ, वर तुपाची धार. प्रथिनं शोधायला गेलो तर देवाच्या दारात कशाला, म्हणून सोडून दिली. काही घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मांसमच्छीचा, नैवेद्य असतो. आमच्या घरात तो नाही, आणि याचं इतकं वाईट मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी आले. चुलत भाऊ जिमला जातो. त्याने पाहिलं मी काटा घेऊन बसलोय, आणि बॅगेतून मोठा काळा डबा काढून दिला. व्हे प्रोटीन, व्हॅनिला. "एक स्कूप, चोवीस ग्रॅम. हा सगळा ताप संपला, दादा." ताप संपला नाही. मी तो डबा फडताळात तांदळाच्या पिठाशेजारी ठेवला, झाकण मोठं म्हणून थोडी पावडर स्टीलच्या डब्यात काढली, आणि पतपेढीत निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने घावणे घातले. पंधरा माणसं घरात. पीठ कमी पडलं तसं तिने शेजारच्या डब्यातलं पांढरं पीठ दोन ओंजळी घातलं. बिडाचा तवा कडकडीत तापलेला, कांद्याने तेल फिरवलेलं. पीठ पडलं, जाळीही पडली, आणि मग घावणा तव्यावरून हलेना. कडा तपकिरी, खाली काळं, घरभर आइस्क्रीम जळाल्याचा वास. भाऊ धावत आला, डबा हुंगला आणि कपाळाला हात लावला. आईने उलथन्याने खरवडून एक तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि थुंकला.

"तुजां प्रोटीन तव्याक लागलां रे मेल्या, आंगाक कधी लागतलां?"

आजीच्या वेळचा तवा. तो घासायचं काम अर्थात माझ्याकडे आलं, विहिरीवर, नारळाचा काथ्या आणि राख घेऊन. उठलो तेव्हा खांदे भरून आले होते. ॲपमध्ये 'घरकाम, हलके' असं टाकलं, तर साठ-सत्तर कॅलरी जमेला धरल्या. त्यात अर्धी वाटी सोलकढी बसत होती. दुपारी ती मी वेगळी मागून घेतली.