कोर्टनाका, 'कोर्ट' आणि तुमची तक्रार

नमस्कार नौपाडाकर,

ठरलेला साचा मोडणाऱ्या सिनेमांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच झोडपलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: साचा मोडणं हाच आता साचा झालाय, हे सगळं महोत्सववाल्यांचं खूळ आहे, रोज ठाण्याच्या कोर्टनाक्यावरून जाणाऱ्या माणसाने रटाळ कामकाज बघायला 'कोर्ट' सिनेमाचं तिकीट का काढावं, आणि 'सैराट'च्या शेवटाने प्रेक्षकाला फसवलं.

पहिल्या मुद्द्यावर वाद नाही. रहस्यपटात सगळ्यात गरीब चेहऱ्याचा माणूस दिसला की हल्ली शाळकरी पोरंही सांगतात, खुनी हाच. पण ते धक्कातंत्र, एकदाच चालतं. 'कोर्ट'मध्ये तसा धक्का एकही नाही.

'दामिनी' (1993) आठवा. तारखांवरून सनी देओल न्यायाधीशांसमोर गरजतो, थिएटर टाळ्यांनी दणाणतं. आपला राग त्याने काढला, आपण मोकळे. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्येही तारखाच पडतात, पण गरजायला कोणी नाही. एक बाई बिनबाह्यांचे कपडे घालून आली म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण ऐकतच नाहीत. आवाज चढत नाही, कॅमेराही जागचा हलत नाही.

आणि ती साक्ष! लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप असा की, त्याचं गाणं ऐकून वासुदेव पवार या गटारं साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला. त्याची बायको पिंजऱ्यात येते आणि भाजीचा भाव सांगावा तशी सांगते: नवरा उतरण्याआधी आत दगड टाकायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे. दारू पिऊन उतरायचा. एक डोळा गेला होता. एरवी अशा साक्षीवर पार्श्वसंगीत चढतं, सरकारी वकिलाला घाम फुटतो, खटला फिरतो. इथे जामीन मिळतो, आणि पुढे शाहीर पुन्हा आत.

हे कोर्टनाक्यावरून दिसतं? तिथे काळे कोट दिसतात आणि तारीख घेऊन चहा पीत उभी असलेली माणसं. सरकारी वकीलबाई लोकलने घरी जातात, पोराला घेतात, स्वयंपाकाला लागतात, ते काही दिसत नाही. गीतांजली कुलकर्णींनी या बाई इतक्या साध्या केल्यात की त्यांचा रागही धड करता येत नाही. साच्याप्रमाणे त्या खलनायिका हव्या होत्या. तशा असत्या तर शाहिराला आत टाकणारी माणसं कुणीतरी वेगळीच, असं समजून आपण निवांत झोपलो असतो.

खुळाचं म्हणाल तर तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' 1967 साली रंगमंचावर आलं. गंमत म्हणून मांडलेला खोटा खटला बेणारेबाईंवर खरा उलटतो, आणि वकील, न्यायाधीश, साक्षीदार सगळे नाटकमंडळीतलेच. गडकरी रंगायतनला नाटकं बघत वाढलेल्या ठाणेकराने तरी साचा मोडणं बाहेरून आलंय म्हणू नये!

राहिला 'सैराट' (2016). शेवट बाजूला ठेवा, हैदराबादचा भाग बघा. जोडपं पळून गेलं की सिनेमा संपायचा, हा जुना रिवाज. नागराज मंजुळे तिथून पुढे जातात. पत्र्याची खोली, परशाची डोशाची गाडी, आर्चीची कारखान्यातली नोकरी, माहेरच्या आठवणीने तिचं रडणं. ज्या परशावर आपण जीव टाकला, तोच संशयाने तिच्यावर हात उचलतो. शेवट ठाऊक असताना पुन्हा बघितलं तरी हा भाग सुटत नाही, उलट जास्त टोचतो.

'कोर्ट' तुम्हाला कंटाळवाणा वाटला, ठीक आहे, त्यावर मी काय बोलणार? पण फसवल्याचा आरोप करायचाच असेल, तर आधी त्या सिनेमांवर करा जे पळालेल्या जोडप्याची गाडी सुटली की श्रेयनामावली दाखवून मोकळे होतात.