शॉर्ट शाफ्ट की लाँग शाफ्ट

परतीच्या पावसात एक वीज अशी कडाडली की शेजाऱ्यांचा कुत्रा आमच्या पलंगाखाली सापडला आणि माझा डेस्कटॉप मेला. आता मालवणात राहून विजा चमकल्या की प्लग काढायचा एवढी अक्कल मला आहे, त्या दिवशीही काढला होता. राउटरचा राहिला. राउटरपासून कॉम्प्युटरला येणाऱ्या लॅनच्या वायरीतून ती बया आत शिरली, म्हणजे पुढच्या दाराला कडी आणि परसदार सताड उघडं. लॅनच्या पोर्टाजवळ तांदळाएवढा काळा डाग. रॅम ठीक, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) ठीक, प्रोसेसर ठीक, सगळं मित्राच्या मशीनवर लावून बघितलं. फक्त मदरबोर्ड गेला, हे सगळं ज्यावर जोडतात तो.

फक्त! बल्ब गेला तर आपण बल्ब आणतो, कोणी घराचं वायरिंग बदला म्हणत नाही. पण बाजारपेठेतल्या दुकानात बोर्ड काउंटरवर ठेवला (प्रोसेसरवरचा पंखा, म्हणजे कूलर, काढून बाजूला, प्रोसेसरचा नंबर दिसावा म्हणून) तर तो पोरगा असा बघायला लागला जसं काही मी पणजोबांची कवळी दुरुस्तीला आणलीय.

"फोर्थ जेन? चौथ्या पिढीचा प्रोसेसर? दादा, हे २०१४ चं आहे."

"चालत होतं की, परवापर्यंत."

"विंडोज टेनचा सपोर्ट पण १४ ऑक्टोबर २०२५ ला गेला. इलेव्हनला आठवी जेन लागते. नवीनच घ्या ना, बाराव्या जेनचा बोर्ड देतो."

बाराव्या जेनचा बोर्ड घेतला की सॉकेट १७०० (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, आकडा तिच्यातल्या टोकांचा), माझा प्रोसेसर ११५० चा, म्हणजे प्रोसेसर नवा. माझी रॅम डीडीआर थ्री, म्हणजे जुन्या प्रकारची, तिची खाचच वेगळ्या जागी, म्हणजे रॅम नवी, आणि रॅमचे भाव सध्या सुरमईसारखे चढलेत. या कंपन्यांचं मला खरंच कळत नाही. ११५० नंतर ११५१ काढला, म्हणजे एक टोक वाढवलं. बरं, पुढे आठव्या जेनला सॉकेटचं नाव तेच ११५१ ठेवलं, पण जुन्या ११५१ च्या बोर्डावर तो प्रोसेसर चालत नाही. बसतो पण चालत नाही! एका नावाची दोन माणसं एका वाडीत असली की निदान पोस्टमन तरी विचारतो.

तर असा माझा आवाज जरा चढला होता आणि तेवढ्यात मागून, "काय झाला?"

काका. हातात मासळीची पिशवी, बांगड्यांची, सातबाराची प्रिंट काढायला आलेले, नंबर माझ्या मागे.

"बोर्ड गेलो."

"खयचो? लाईटीचो?"

"कॉम्प्युटरचो."

"हां, म्हणजे इंजिन."

इथे मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मी म्हटलं, इंजिन नाय काका, इंजिन म्हणजे प्रोसेसर, तो चांगलो आसा.

"म्हणजे होडी गेली."

"होडी म्हणजे डबो. डबो घराकडे आसा."

"मगे ह्यो काय?"

आता आली का पंचाईत. डोकं खाजवून म्हटलं, होडीच्या पाठी ती फळी असते ना इंजिन अडकवायची, ती. काकांचे डोळे लकाकले. पिशवी माझ्या हातात दिली, "धर जरा", खिशातून चष्मा काढला, काड्या शर्टाला पुसल्या (काचा नाही, काड्या), आणि बोर्ड निरखायला लागले. स्क्रूच्या भोकांभोवती खाऱ्या हवेने हिरवट चढलं होतं, त्यावर नख घासून वास घेतला.

"झिला, तुझो शाफ्ट किती?"

"काय?"

"शाफ्ट, शाफ्ट! इंजिनाचो खाली पाण्यात जाता तो दांडो! मी नवा इंजिन घेतलेलंय, रत्नागिरीसून. माका होयो होतो वीस इंची, लाँग. त्या मेल्यान पंधरा इंची दिल्यान, शॉर्ट. हयसर आणून लावलंय, दोरी ओढलंय, इंजिन चालू. आवाज केवढो! आणि होडी थयच. कित्याक?"

दुकानातला पोरगा, झेरॉक्सवाली मुलगी, रिचार्जला आलेले दोघे, सगळे थांबले.

"पंखो पाण्याच्या वर! पाच इंचासाठी अख्खी दांडीची वाडी माका हसली. म्हणान विचारतंय, तुझो शाफ्ट किती?"

मी म्हटलं, "अकराशे पन्नास."

"इंच??"

झेरॉक्सवाली खाली बसली हसून. मी समजावत होतो की इंच नाही, टोकं आहेत ती, खाली बारीक बारीक, प्रोसेसर त्यावर टेकतो. पण काकांनी ऐकणं कधीच सोडलेलं. ते पोराला म्हणाले, "ह्येका सांग, फळी बदलण्यापरीस होडी विक म्हणान." आणि पोरगा लगेच, "बघा दादा, काका पण तेच सांगतायत!"

तेच नव्हते सांगत! पाच मिनिटांपूर्वी शाफ्ट जुळवून घे म्हणत होते, म्हणजे माझ्याच बाजूचे होते. पण पोराने एव्हाना कॅल्क्युलेटर काढून नव्या सेटचा आकडा माझ्याकडे फिरवला होता, एकोणतीस हजार काहीतरी, मॉनिटर सोडून.

त्या आकड्याकडे बघताना लक्षात आलं की माझा हात काउंटरवर आहे, हातात पिशवी आहे, आणि पिशवीला भोक आहे. बांगड्यांचं पाणी, थेंब थेंब, आधी बोर्डावर आणि मग शेजारच्या कूलरच्या पात्यांत.

"अरे अरे अरे," काका म्हणाले, "सांभाळून धरूचा मा रे! बांगडे पडतीत."

बांगडे! वर पोरगा जुन्या बोर्डाचे चारशे देणार होता, सुट्या पार्टांसाठी, ते कॅन्सल. "वॉटर डॅमेज आहे दादा आता." आता म्हणजे? वीज पडलेला बोर्ड तो, त्याची तब्येत आत्ता बिघडली? तर म्हणे, "पिशवी तुमच्याच हातात होती." आणि काका सातबारा घेऊन माझ्या आधी बाहेर, नंबर माझ्या मागे असून.

शेवटी कपाटाच्या तळातून एच ८१ नावाच्या जुन्या प्रकारचा एक बोर्ड निघाला, नवा कोरा, ब्रँडचं नाव बापजन्मात ऐकलेलं नाही. बत्तीसशे रुपये. शाफ्ट बरोबर, अकराशे पन्नास. घरी आल्यावर कळलं की माझ्या जुन्या बोर्डाला रॅमचे चार स्लॉट होते, याला दोनच. चार-चार जीबीच्या चार काड्या होत्या, त्यातल्या दोन आता ड्रॉवरमध्ये बटणांच्या डबीत. कूलर टूथब्रशने घासला, पात्यापात्यातून कापूस फिरवला. तरी अर्धा तास काम केलं, प्रोसेसर तापला, की खोलीत वास सुटतो. शेजाऱ्यांची मांजर रोज संध्याकाळी कॅबिनेटच्या मागे येऊन बसते. आई स्वयंपाकघरातून दोनदा विचारून गेली, आज सोमवार ना रे?

परवा मच्छीमार्केटात काका भेटले.

"काय झिला, झाला काय इंजिन चालू?"

म्हटलं, झाला.

"बघ! मी बोललेलंय मा तुका!"

काय बोललेलात? होडी विकूक बोललेलात!