‘येड्याआआ’ आणि ‘ते झोपलंय’

सर, नमस्कार. मुलं मेसेजमध्ये शिव्या कशा ताणून लिहितात यावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘शब्दसंपत्ती आटली की पोरं अक्षरं ताणतात, आणि तुम्ही त्यांच्या शिव्यांवर व्याकरणाची शाल पांघरताय,’ असं तुम्ही म्हणता.

आधी ताणण्याबद्दल. बोलताना स्वर आपण सगळेच लांबवतो. छापील मराठीत त्यासाठी अवग्रह आहे, ‘अरेऽऽ’मधला. मोबाइलवर तो शोधावा लागतो, आणि काना दोनदा दिला तर बऱ्याचदा ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. म्हणून एफसी रोडवर ताटकळलेला मुलगा मित्राला ‘येड्याआआ, कुठंयस?’ असं पुढे सुटे आ जोडून लिहितो. नुसतं ‘येड्या.’ पाठवलं, तर हा खरंच चिडलाय असं मित्राला वाटेल. त्या लांबलेल्या स्वरात हाक असते, सर.

शिवीला धार लावायची तर मराठीकडे जुनी हत्यारं आहेत. ठार वेडा, अट्टल चोर, एक नंबरचा नालायक. शहाण्यात अर्धा मिळवला की दीडशहाणा होतो. आकडा वाढतो आणि शहाणपण जातं. रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगितली, तरी पढतमूर्खासाठी त्याच दशकात वेगळा समास लिहिलाच. तो शब्द मूर्खापेक्षा जास्त लागतो, कारण आधी विद्वत्ता देतो आणि लगेच काढून घेतो. मुलांचं ‘लय’ आणि ‘जाम’ याच घराण्यातलं.

भाषेने माणूस दुखावतो, हे तुमचं म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे. पण कशाने दुखावतो ते बघा. गेल्या महिन्यात आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘ते वॉचमन परत झोपलंय. कुठून धरून आणतात असली ध्यानं!’ शिवी एकही नाही, शुद्धलेखन निर्दोष. आदराने बोलतानाही आपण ‘ते’च म्हणतो, ‘ते झोपलेत’. इथे फक्त क्रियापद नपुंसकलिंगी झालं आणि साठीच्या माणसाची वस्तू झाली. खाली सात जणांनी अंगठे दिले. निरोप पोचावेत म्हणून वॉचमनकाकांनाही त्याच ग्रुपवर घेतलेलं आहे. त्यांनी तो मेसेज वाचला होता.

मी खाली लिहिलं, ‘झोपलेत म्हणा. काल दिवसपाळीही त्यांनीच केली.’