आपण कुठले?

दवाखान्यातला काउंटरवरचा मुलगा माझ्या आधीच्या आजोबांशी मराठीत बोलत होता. ‘आजोबा, सावकाश बसा, पंखा वाढवू का?’ इतकं गोड. मग माझी पाळी आली.

‘नाव?’

‘अय्यर.’

त्याने मान वर करून मला नीट पाहिलं आणि गाडीने सांधा बदलावा तसा खडाड् करून तो दुसऱ्या रुळावर गेला. ‘अंकल, थोडा टाइम लगेगा. उधर बैठो.’

‘साधारण किती वेळ लागेल?’

‘आधा घंटा.’

‘मग मी खाली जाऊन चहा घेऊन येतो. तेवढ्यात माझा नंबर गेला तर?’

‘नहीं जाएगा अंकल. हम फोन करेगा.’

मी मराठी सोडेना, तो हिंदी सोडेना. खरं तर ते हिंदी आमच्या दोघांपैकी कुणाच्याच बापाचं नव्हतं. त्याचं गाव चिपळूण असावं, ‘करेगा’मधला कोकणी हेल लपत नव्हता. माझा जन्म डोंबिवलीचा, शाळा मराठी माध्यमाची, दहावीला मराठीत अठ्ठ्याहत्तर मार्क. पण अय्यर हे आडनाव ऐकलं की माणसाच्या कानात एक बूच बसतं, आणि पुढचं मराठी आत शिरतच नाही.

ज्यांच्या कानात बूच बसत नाही ते कौतुक करतात. ते जास्त अवघड. ‘अय्या, किती छान मराठी बोलता हो तुम्ही!’ पन्नाशी उलटलेल्या माणसाला ‘किती छान भांग पाडता हो’ असं कुणी म्हटलं तर तो काय उत्तर देईल? एका लग्नात असंच कौतुक झालं तेव्हा मी त्या बाईंना म्हटलं, ‘तुमचंही बरं आहे की.’ त्यांच्या यजमानांना मठ्ठ्याचा ठसका लागला. त्यातून सावरल्यावर त्यांनी ठरलेला पुढचा प्रश्न टाकला. ‘मग घरी काय बोलता?’

‘बायकोसमोर? फारसं काही नाही.’

तर घरी काय बोलतो, त्याची हकिकत अशी. आमचे अप्पा मूळ पालघाटचे. पालघाट केरळात, आम्ही तमिळ. म्हणजे मूळ गावीच आम्ही बाहेरचे, तेही कित्येक पिढ्या. १९६१ साली टायपिंग आणि शॉर्टहँड एवढ्या दोन विद्या घेऊन ते मुंबईला आले. तेव्हा हापिसात साहेब कुठलाही असला तरी स्टेनो मद्राशीच लागायचा. आधी माटुंग्याला चौघांत एक खोली, मग लग्न, मग भाडं परवडेना म्हणून डोंबिवली. १९६६ साली शिवसेना निघाली आणि ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ ही घोषणा भिंतींवर आली. अप्पांनी वेष्टी घरात ठेवली आणि नळावर जातानासुद्धा पॅन्ट चढवायला सुरुवात केली. घाबरले असणारच, पण सांगताना ते व्याकरणाकडे वळायचे. ‘घोषणा मराठीची आणि क्रियापदं हिंदी! वाजवा पुंगी, हटवा लुंगी असं पाहिजे होतं.’ शॉर्टहँडवाल्या माणसाला दुसऱ्याच्या मजकुरातली चूक आधी दिसते, मजकूर नंतर.

अम्मा मराठी शिकली ती कुळकर्णीकाकूंच्या ओट्यावर. तमिळमध्ये माणसं आणि देव सोडले तर बाकी सगळ्या जगाला एकच लिंग, नपुंसक. त्यामुळे खुर्ची बाई का आणि पंखा पुरुष का, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. ‘ते पंखा लाव’, ‘ते खुर्ची आण’, ‘ते बस गेलं’. टेबल तेवढं पहिल्या दिवसापासून बरोबर यायचं.

लिहायचं म्हटलं की आणखी पंचाईत. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. ट, ठ, ड, ढ यांचंही तेच. अम्माच्या फोनच्या वहीत दूधवाले खाडे, प्लंबर गाडे आणि डॉक्टर घाडे हे तिघेही अक्षराचाही फरक न होता एकसारखे लिहिलेले होते. ओळखायला म्हणून तिने एकापुढे नळाचं चित्र काढलं होतं, पण एकदा रात्री पाट्टीला, म्हणजे आजीला, घेरी आली तेव्हा घाईत ते नळ तिला स्टेथोस्कोप वाटलं. अकरा वाजता गाडे पाना घेऊन हजर. पाट्टी तोवर उठून बसली होती. गाड्यांनी मोरीचा गळका नळ बदलला, कॉफी घेतली आणि पैसे घेतले नाहीत. ‘आजींना उद्या परत दाखवा,’ असं जाताना म्हणाले म्हणे.

मला मात्र चारही क येत होते, तिन्ही लिंगं येत होती, आणि चहातला च आणि चाऱ्यातला च हे निराळे हेही न सांगता कळत होतं. तरी परीक्षा चुकली नाही. मराठी माणसाला अमराठी माणूस मराठी बोलताना दिसला की त्याच्या आत एक मास्तर जागा होतो. ‘असं का? मग केळं म्हणून दाखवा.’ शाळेत, कॉलेजात, पहिल्या नोकरीत, सासुरवाडीच्या पहिल्या दिवाळसणाला (बायको पेणची), सगळीकडे केळं. मी म्हणायचो, ‘केळं.’ मग ‘टिळक’. मग ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’. तेही मी न अडखळता म्हणायचो. अहो, ळ ही काय मराठीची एकटीची इस्टेट आहे? तमिळमध्ये तो घरोघरी आहे, आईच्या दुधातून येतो. उलट परीक्षा घेणाऱ्या मेहुण्याचा इंग्रजी शाळेतला मुलगा शेजारी बसून ‘मला केला नको’ म्हणत होता, त्याला कुणी काही विचारत नव्हतं. त्याचं आडनाव पाटणकर. पाटणकरांना परीक्षा नसते.

असा मी ळच्या जोरावर ताठ मानेने चेन्नईला गेलो. मैलापूरला अत्तैच्या, म्हणजे आत्याच्या, घरी लग्न होतं. स्टेशनवर रिक्षावाल्याशी चार वाक्यं बोललो तर तो म्हणाला, ‘केरळावा?’ आमचं पालघाटी तमिळ, त्यात मल्याळमचे खडे, वर डोंबिवलीचा रस्सा. लग्नघरी पोचलो तर बायका माझं बोलणं ऐकायला मुलांना हाका मारून बोलावू लागल्या. ‘पावं,’ एक म्हातारी म्हणाली. हा आपला पाव नव्हे. तमिळमध्ये ‘पावं’ म्हणजे ‘बिच्चारा’.

जेवायला बसलो. केळीचं पान, आणि वाढप्याने पानात केळं ठेवलं. शेजारच्या मामांच्या डोळ्यांत मला तो ओळखीचा मास्तर दिसला. ‘बॉम्बेकारा, याला काय म्हणतात?’

केळ्याला तमिळमध्ये म्हणतात ‘वाऴैप्पऴम्’. त्यातला ऴ म्हणजे आपला ळ नाही. देवनागरीत तो दाखवायला ळच्या पायाशी टिंब देतात. जीभ मागे वळवायची, टाळूला लावायची नाही, मधेच अधांतरी धरायची आणि आवाज सोडून द्यायचा. मला तो येत नाही. त्यांच्या भाषेच्या नावातच तो आहे, तमिऴ्. म्हणजे स्वतःच्या मातृभाषेचं नाव मला घेता येत नाही. मी धीर करून म्हणालो, ‘वाळैप्पळम्.’ पंगत हसली. मग मामांनी त्यांचं ‘राळ्यात राळे’ काढलं:

‘एऴै किऴवन् वाऴैप्पऴत् तोल्मेल् सरुसरुक्कि वऴुवऴुक्कि कीऴे विऴुन्दान्.’

अर्थ, एक गरीब म्हातारा केळ्याच्या सालीवरून घसरून खाली पडला. एका वाक्यात आठ ऴ. मी आठही वेळा पडलो. तो म्हातारा निदान एकदाच पडला होता.

दोन भाषांनी माझी परीक्षा घ्यायला सबंध फळबाजारातून केळंच निवडावं, याला मी नशीब म्हणतो. कैरीवर घेतली असती तर मी दोन्हीकडे पहिला आलो असतो.

पण या दोन भाषांत एक गोष्ट सारखी आहे, आणि ती हिंदीत नाही, इंग्रजीतही नाही. ‘हम’ म्हटलं की त्यात ऐकणारा आहे की नाही ते कळत नाही. मराठीत कळतं. ‘आम्ही’ म्हणजे तू सोडून, ‘आपण’ म्हणजे तुला धरून. तमिळमध्येही नेमकं हेच, ‘नांगळ’ आणि ‘नाम्’. त्यामुळे माझे कान लहानपणापासून दोन्हीकडे याच एका शब्दावर असतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणतात, ‘आम्ही गणपतीत मोदक उकडीचेच करतो, अय्यर.’ अत्तै म्हणते, नांगळ कॉफीत चिकोरी घालतो, तुम्ही मुंबईकर काय घालता? दोन्हीकडे दाराबाहेर चप्पल काढून उभा असल्यासारखं वाटतं.

बरं, सेक्रेटरी ‘आपण’ म्हणत नाहीत असं नाही. म्हणतात की. ‘आपण कुठले?’ हाच शब्द जवळचाही आणि आदराने चार हात लांब ठेवणाराही, ही मराठीची खुबी. माझ्या वाट्याला बहुतेक आदर आला.

गेल्या वर्षी मात्र त्यांनी वर्गणीचं पावतीपुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, ‘या वर्षी बी विंग आपण करू या.’ मला भरून आलं. ‘करू या’ म्हणजे मी एकट्याने करायचं, हे तिसऱ्या मजल्यावर धापा टाकताना लक्षात आलं.

तिथे नवीन पाटी होती, कुलकर्णी. हे गृहस्थ येऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि सोसायटीत त्यांचं नाव फार चांगलं होतं. कमी बोलतात, पण मंडपवाला ठरवायचा, लाइटवाल्याला गाठायचं, काहीही काम निघालं की हे दुसऱ्या दिवशी करून मोकळे. मी बेल दाबली आणि सुरू झालो. ‘नमस्कार, वर्गणीसाठी आलो होतो. यंदा आपण सजावट जरा वेगळी करणार आहोत...’

‘हो, हो,’ कुलकर्णी म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम दिसला. ‘कब तक करना है?’

‘काय?’

‘सजावट.’ ते हळूच म्हणाले, ‘आपने बोला ना, आपण करणार.’

उलगडा व्हायला दोन मिनिटं लागली. कुलकर्णी धारवाडचे. घरी कानडी. मराठी ‘हो’च्या पुढे येत नाही. पण डोंबिवलीत कुलकर्ण्याला मराठी येत नाही यावर कोण विश्वास ठेवणार? पहिल्या दिवसापासून सगळे त्यांच्याशी भडाभडा मराठी बोलत सुटलेले. मग ते मीटिंगमध्ये कान टवकारून बसायचे आणि कळेल तेवढं पकडायचे. ‘आपण’ हा शब्द त्यांनी हिंदीतल्या ‘आप’वरून लावला होता. ‘आपण मंडपवाल्याशी बोलू’ म्हणजे तुम्ही बोला. ‘आपण पाण्याच्या टाकीचं बघू’ म्हणजे तुम्ही बघा. वर्षभर सबंध सोसायटीचं ‘आपण’ हा माणूस एकट्याने निभावत होता.

मी त्यांना शब्दाचा खरा अर्थ सांगितला. ते सोफ्यावर बसलेच. मग पावतीवरचं माझं नाव वाचून त्यांचा चेहरा उजळला. ‘अय्यर? तमिऴा?’ बारा वर्षं चेन्नईला नोकरी केलेली. आणि तो ऴ असा स्वच्छ, असा गोल, की मामांनी उठून शाल घातली असती. ते आनंदाने घडाघडा तमिळ बोलू लागले. मी माझं पालघाटी-डोंबिवली तमिळ पुढे केलं. त्यांनी डोकं किंचित कलतं करून ऐकून घेतलं.

‘परवायिल्लै,’ ते म्हणाले. म्हणजे, ठीक आहे, चालेल. ‘मराठी माणसाच्या मानाने छान बोलता.’

तेवढ्यात त्यांच्या मिसेस आतून बशी घेऊन आल्या. ‘घ्या ना,’ कुलकर्णी म्हणाले, ‘वाऴैप्पऴम्.’

मी म्हटलं, नको, मला चहाच द्या.