प्लेग्रुपच्या बाईंना तिथे बोलले नाही, म्हणून इथे

आज वहिनीबरोबर चिमीच्या प्लेग्रुपच्या ‘इंटरॅक्शन’ला गेले होते. दोन वर्षांच्या पोरीचा इंटरव्ह्यू घ्यायचा आणि त्याला इंटरॅक्शन म्हणायचं! बाईंनी लाल ठोकळा पुढे धरला, ‘व्हॉट कलर इज धिस, बेबी?’ चिमीने तो घेतला आणि तोंडात घातला. बाई वहिनीकडे वळून म्हणाल्या, ‘दोन पूर्ण ना? मग मागे आहे जरा. घरात फक्त इंग्लिश बोला, दोन भाषांनी मुलं कन्फ्यूज होतात.’ वहिनीचं तोंड एवढंसं झालं.

अहो, फॉर्म तरी वाचायचा! २९ आठवड्यांना जन्म, असं स्वच्छ लिहिलंय त्यात. पोर अकरा आठवडे आधी आलंय, तर वाढ बघताना ते वजा करायचे असतात. बालरोगतज्ज्ञ दोन वर्षांपर्यंत असंच वय धरतात. म्हणजे चिमी आत्ता कुठे पावणेदोनची आहे.

आमचा दादा एसटीत कंडक्टर. चिमी काचेच्या पेटीत होती तेव्हा तो गोल खिडकीतून हात घालून नुसता उभा राहायचा. एक सिस्टर म्हणाली, ‘बोला की काहीतरी, ऐकते ती.’ याला काही सुचेना. मग खालच्या आवाजात सुरू झाला: पेठ नाका, कराड, उंब्रज, सातारा, सुरूर, शिरवळ, कात्रज, स्वारगेट. संपलं की उलटं, स्वारगेटपासून. शेजारच्या पेटीजवळची आई तोंडाला रुमाल लावून हसत होती.

आता सांगा, त्याने ‘नेक्स्ट स्टॉप उंब्रज, बेबी’ म्हणायला हवं होतं का?

पोटातल्या बाळाला साधारण सहाव्या महिन्यापासून ऐकू यायला लागतं. आईचा आवाज रात्रंदिवस सोबतीला असतो. चिमीच्या वाट्याला त्या दिवसांत मॉनिटरची टीं टीं आली. अशा पोरांना माणसाचा आवाज जास्तच हवा, आणि आपण आईबापालाच ‘भेटायची वेळ संपली’ म्हणून बाहेर काढतो. इन्फेक्शनचं भय असतं, कबूल. पण बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवायची कांगारू पद्धत कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९७८ साली सुरू झाली, तीही इन्क्युबेटर पुरत नव्हते आणि इन्फेक्शन होत होतं म्हणूनच. मग आपल्याकडे अजून बापाला काचेबाहेर का उभं करतात?

आणि नातेवाईकहो, तुम्हीही हसू नका. ‘जीभ जड आहे, वेखंड उगाळून मधातून चाटवा.’ ‘तिचा बाप तरी कुठे लवकर बोलला!’ म्हणे वाट बघा. कसली वाट बघा? लवकर जन्मलेल्या मुलांना बोलायला उशीर होण्याची शक्यता जास्त असते, हे मीही नाकारत नाही. म्हणूनच आधी कान तपासायचे. वाढलेली कावीळ, काही अँटिबायोटिक्स, याने कानाच्या आतल्या भागाला किंवा ऐकण्याच्या नसेला इजा होऊ शकते. एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, आलेल्या बाळाची नुसती ओएई ही कानाची प्राथमिक तपासणी पुरत नाही, आवाज नसेतून पुढे मेंदूकडे जातो का ते बघणारी बेरा करून घ्यावी लागते. चिमीची केलीय, कान उत्तम आहेत. ज्यांना खाजगीत परवडत नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र, कुठे आहे ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ते मोफत आहे, आणि तो कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झालाय.

दोन भाषांनी पोरं गोंधळत नाहीत हो. पोराला किती शब्द येतात ते बघताना दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजायचे असतात. उलट आईबापाला ज्या भाषेत थट्टा करता येते, रागावता येतं, ती काढून घेतली तर घरात उरतं काय? ‘सिट डाऊन’ आणि ‘से थँक्यू’?

बाई वाईट नाहीत, चिमीचं नाकही पुसलं त्यांनी. एवढ्या पोरांत कुणाकुणाचा फॉर्म वाचणार, असंही असेल.

संध्याकाळी दादा ड्युटीवरून आला. वहिनीने काही सांगितलं नव्हतं. चिमी पडद्याची दोरी ओढून ‘टिंग टिंग’ करत होती, तो म्हणाला ‘कराड’, तर ही म्हणाली ‘उंबज’. र खाल्ला, पण स्टॉप बरोबर. वहिनी आत जाऊन रडली, मी पण थोडी.

सोमवारी स्पीच थेरपिस्टकडे जातोय, ते आधीच ठरलेलं होतं. प्लेग्रुपच्या फॉर्मचे पैसे परत मिळत नाहीत म्हणे. ते मात्र मी मागणार आहे.