प्रजननाची टाकी पाहुण्यांसाठी नसते

दिवाणखान्यातील माशांची टाकी पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी सजवली तर कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु ज्या टाकीत सिक्लिड कुळातल्या माशांची पिल्ले व्हावीत अशी आपली इच्छा आहे, तिथला प्रत्येक दगड माशाच्या सोयीनेच ठेवायला हवा, हे माझे मत आता पक्के झाले आहे.

लातूरला राहून हा छंद करायचा म्हटले की पहिला प्रश्न पाण्याचाच येतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर आहे. त्या उन्हाळ्यात माझ्या टाक्या कोरड्या पडून होत्या आणि त्याची मला खंत नाही. एरवीही आमच्या बोअरचे पाणी इतके जड असते की डाळ लवकर शिजत नाही आणि बादलीवर पांढरा थर चढतो. डिस्कस आणि एंजल हेही सिक्लिडच, पण ते ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातले. जड पाण्यात त्यांची अंडी नीट फळत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी आरओचे पाणी आणि औषधे यांवर पैसा ओतणारे मित्र मी पाहिले आहेत. आफ्रिकेतील मलावी सरोवराचे पाणी मात्र मुळातच अल्कधर्मी असून त्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप; ७ म्हणजे उदासीन) साधारण ७.८ ते ८.६ असतो. तिथल्या इलेक्ट्रिक यलो या पिवळ्या सिक्लिडला आमचे बोअरचे पाणी मानवते. ज्या माशाला आपले पाणी चालते तोच मासा पाळावा, एवढे साधे गणित समजायला मला दोन वर्षे लागली.

आता सजावटीविषयी. दुकानदाराने मला निळी खडी, प्लास्टिकचा किल्ला आणि बुडबुडे सोडणारी पेटी घ्यायला लावली होती. तिन्ही वस्तू माळ्यावर आहेत. माझी टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे काठोकाठ सुमारे १९० लिटरची आहे. तिच्यात मांजरा नदीच्या पात्रातले काळे दगड, चाळून धुतलेली वाळू आणि तोंड फुटलेली दोन मडकी एवढेच आहे. दगड घासून धुवावेत, पण उकळू नयेत, कारण आत पाणी मुरलेले असेल तर ते फुटू शकतात. आणि आधी दगड, मग वाळू! मी पहिल्यांदा उलट केले. हे मासे सतत वाळू उकरतात. नराने एका रात्रीत पाया पोखरला, रास कोसळली आणि एक मादी खाली चिरडली गेली. तेव्हापासून दगड थर्माकोलच्या पातळ तुकड्यावर, थेट तळाशी टेकवून रचतो आणि वाळू नंतर भोवती पसरतो.

दगडांच्या फटी शोभेसाठी नाहीत. मादी अंडी घालून ती लगेच तोंडात घेते आणि जवळपास तीन आठवडे, जवळजवळ काहीही न खाता, तोंडातच सांभाळते. त्या काळात नराच्या पाठलागापासून दडायला जागा नसेल तर ती अंडी थुंकून देते किंवा गिळते. म्हणून एका नरामागे किमान तीन माद्या आणि माद्यांहून अधिक बिळे असावीत. मादीचे तोंड बळेच उघडून पिल्ले काढण्याची काहींना घाई असते; मला ती पद्धत पटत नाही. मी मादीला मडक्यासकट छोट्या टाकीत हलवतो. तिथे स्पंज फिल्टर असतो, कारण मोठा फिल्टर पिल्ले ओढून घेतो.

माशांच्या विष्ठेतून पाण्यात येणारा अमोनिया अल्कधर्मी पाण्यात अधिक विषारी ठरतो, त्यामुळे नव्या टाकीत लगेच मासे सोडणे म्हणजे त्यांना मारणेच आहे. अमोनिया पचवणारे जिवाणू असलेला जुन्या टाकीतला स्पंज घालूनही, ते वाढेपर्यंत काही आठवडे धीर धरावा. मे महिन्यात बाष्पीभवनाने पाणी उतरते पण क्षार मागेच राहतात, म्हणून तेवढी भर मी आरओच्या पाण्याने घालतो. आठवड्याला बदललेल्या दोन बादल्या कढीपत्त्याला जातात. वीज गेल्यास बॅटरीवरचा एअर पंप लागतोच.

सध्या एक मादी सोळा दिवसांपासून घसा फुगवून मडक्यात बसली आहे. आई रोज सकाळी काचेशी वाकून मलाच रागावते, "हिला काही खायला का देईनास रे?"